पाचशे चाळीस कांजी पाठ झाल्या, तरी ईमेल का वाचता येत नाही?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी झाली, चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहात आणि दोन वर्षांत तिच्याहून वरची एन-२ करायची आहे. त्यासाठी २१३६ जोयो कांजींचा, म्हणजे जपानीत वापरायच्या चिनी वळणाच्या चिन्हांच्या सरकारी यादीचा, तक्ता छापून घेतलात. रोज सहा केल्या की वर्षभरात संपतील असा हिशोब मांडलात. तीन महिने नेमाने केलंत आणि ५४० पर्यंत पोचलात. आता आधीच्या शंभरेक आठवत नाहीत. जपानहून आलेला ईमेल उघडला की ओळखीच्या कांजी दिसतात, पण वाक्य वाचता येत नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत: प्रत्येक कांजीची सगळी ओन (चिनीतून आलेली) आणि कुन (मूळ जपानी) वाचनं, म्हणजे उच्चार, पाठ करायची का, हाताने लिहायला शिकायलाच हवं का, आणि क्रम कुठला धरायचा?

मी एकवीस वर्षं जपानीतून मराठी आणि इंग्रजीत अनुवाद करते, त्यातली बरीच वर्षं कारखान्यांसाठी, आणि संध्याकाळी शिकवते. तुमच्यासारखा तक्ता घेऊन आलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तीन महिने रोज सहा कांजी नेटाने करणारे मात्र थोडेच असतात, त्यामुळे स्मरणशक्तीला दोष देऊ नका. तुम्ही ५४० चिन्हं शिकलात, पण ती ज्या शब्दांत राहतात ते शब्द शिकला नाहीत. ईमेलमध्ये शब्द असतात. तुमचे तिन्ही प्रश्न या एकाच जागी येऊन मिळतात.

आधी त्या तक्त्याबद्दल, कारण त्याच्यावर तुमचा फार भरवसा आहे. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जपान सरकारने १८५० कांजींची 'तोयो कांजी' यादी काढली. कांजींचा वापर मर्यादेत ठेवायचा हा तिचा हेतू होता. १९८१ मध्ये तिच्या जागी १९४५ कांजींची जोयो यादी आली. ती बंधन म्हणून आली नाही. कायदे, सरकारी कागदपत्रं, वर्तमानपत्रं, मासिकं आणि प्रसारण यांत लिहिताना कुठल्या कांजी वापराव्यात याचं ते मार्गदर्शन होतं. २०१० मध्ये त्यातल्या पाच काढल्या, १९६ घातल्या आणि २१३६ झाल्या. म्हणजे ही यादी जपानी लिहिणाऱ्या जपानी लोकांसाठी आहे. परक्या माणसाने कुठली कांजी आधी शिकावी, हा प्रश्न ती करणाऱ्यांपुढे नव्हताच.

उदाहरणं पाहा. 'दारे', म्हणजे 'कोण', हा शब्द तुम्ही पहिल्या काही आठवड्यांतच शिकला असाल. त्याची कांजी या यादीत आली २०१० मध्ये. जेवणाच्या काड्या, म्हणजे 'हाशी', त्यांची कांजीही तेव्हाच आली. ओकायामामधली 'ओका' हीसुद्धा २०१० ची. (सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात, ते हेच ओकायामा.) उलट सम्राटाने स्वतःसाठी वापरायचा 'चिन्' हा शब्द १९४६ पासून यादीत आहे, कारण राज्यघटना जाहीर करतानाच्या मजकुरात तो आलेला आहे. तुमच्या तक्त्यावर 'दारे' आणि 'चिन्' यांना सारख्याच मापाचे चौकोन मिळतात. तुमच्या ईमेलमध्ये 'चिन्' कधीही येणार नाही.

काही जण म्हणतात, मग जपानी शाळेचा क्रम धरू. तिथे प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ कांजी होतात, पहिलीत ८०, दुसरीत १६०, असं वाढत जातं, आणि उरलेल्या १११० पुढच्या वर्गांत. हा क्रम त्या मुलांसाठी उत्तम आहे. आपल्याकडे 'ग गणपतीचा' मुलाला लगेच पटतो, कारण गणपती त्याने घरात पाहिलेला असतो. तसंच जपानी मुलाला 'मुशी' म्हणजे किडा, 'काइ' म्हणजे शिंपला, 'ताके' म्हणजे बांबू हे शब्द आधीच येत असतात. त्याला फक्त त्यांची खूण शिकायची असते, म्हणून या कांजी पहिलीत आहेत. 'वाताशी', म्हणजे 'मी', याची कांजी सहावीत आहे. तुम्हाला ती पहिल्या महिन्यात लागली असेल, आणि शिंपल्याची अजून एकटी कुठे दिसली नसेल.

आता वाचनांचा प्रश्न. इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, आणि ती आपण वापरत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पाणी एकटं आलं की आपण 'पाणी' म्हणतो. जोडशब्दात त्याचं 'जल' होतं: जलविद्युत, जलवाहतूक, जलाशय. हात एकटा असला की हात, पण हस्ताक्षर, हस्तकला, हस्तलिखित. 'हातलिखित' कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कोणी आपल्याला शिकवलेलंही नाही. कान सांगतो. जपानीत नेमकं हेच चालतं. पाण्याची कांजी एकटी आली की 'मिझु'. हे मूळचं जपानी, म्हणजे कुन वाचन. जोडशब्दात ती 'सुइ' होते. हे चिनीतून आलेलं, म्हणजे ओन वाचन. 'सुइर्योकु' म्हणजे जलशक्ती. हात एकटा असला की 'ते', पण हस्तकला म्हणजे 'शुगेइ', आणि त्यातल्या दोन कांजी हात आणि कला याच आहेत. 'फुजि-सान'मधलं 'सान' अनेकांना आदरार्थी वाटतं. ते डोंगराचं ओन वाचन आहे. आपण 'सह्याद्री' म्हणतो, 'सह्यडोंगर' म्हणत नाही, तसंच.

फरक एवढाच, की आपण 'पाणी' आणि 'जल' वेगवेगळे लिहितो आणि जपानी माणूस दोन्हींसाठी एकच कांजी लिहितो. हे एकदा पटलं की ओन आणि कुन ही दोन पाठांतरं राहत नाहीत. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण 'पाणी, जल, नीर, उदक, तोय' अशी ओळ घोकायला लावणार नाही. 'पाणी प्यायलो', 'जलाशय भरला' अशी वाक्यं देऊ. तुम्हीही स्वतःला तसंच शिकवा.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सुटी वाचनं पाठ करू नका. पूर्ण जोयो यादीत मिळून ४३८८ वाचनं आहेत. म्हणजे तुमचा २१३६ चा डोंगर दिसतो त्याच्या दुप्पट उंच आहे. जन्म, जगणं, कच्चं अशा अर्थांची जी एक कांजी आहे, तिची एकटीचीच यादीत बारा वाचनं आहेत. ती बारा ओळीने म्हणून दाखवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांना 'इश्शो' शब्द समोर ठेवला की वाचता येत नाही. त्याऐवजी 'गाकुसेइ' (विद्यार्थी), 'इश्शो' (जन्मभर), 'इकिरु' (जगणं), 'उमारेरु' (जन्माला येणं), 'नामा' (कच्चं) हे पाच शब्द घ्या. पाच वाचनं आली आणि प्रत्येकाला राहायला घर मिळालं. उरलेली सात ज्या दिवशी भेटतील त्या दिवशी शिका.

अंदाज बांधायला एक ठोकताळा आहे. कांजीला हिरागानाचं, म्हणजे उच्चार लिहायच्या साध्या जपानी अक्षरांचं, शेपूट असलं तर बहुधा कुन, आणि दोन कांजी शेपटीशिवाय चिकटलेल्या असल्या तर बहुधा ओन. अपवाद आहेत. 'तेगामि', म्हणजे पत्र, यात हात आणि कागद दोन्ही कुन. 'बाशो', म्हणजे जागा, यात पहिलं कुन आणि दुसरं ओन. आणि 'क्यो' (आज) किंवा 'ओतोना' (प्रौढ) यांसारख्या शब्दांत तर वाचन कांजींमध्ये वाटून देताच येत नाही, ते पूर्ण शब्दालाच मिळालेलं असतं. अशा शब्दांची जोयो यादीच्या शेवटी वेगळी पुरवणीच जोडली आहे. हेही शब्द म्हणून शिकलात तर अपवाद असा काही वाटतच नाही.

एक सावधगिरी खास आपल्यासाठी. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही. जपानीत 'शुजिन' म्हणजे नवरा किंवा मालक, आणि 'शूजिन' म्हणजे कैदी. शिवाय संगणकावर उच्चार टाइप करूनच कांजी निवडायची असते. ऱ्हस्व टाइप केलंत तर हवी ती कांजी यादीत येणारच नाही. प्रत्येक शब्द शिकतानाच दीर्घ कुठे आहे ते मोठ्याने म्हणून पाहा.

आता क्रम. क्रम तुमच्या आयुष्यातून निघायला हवा, आणि तुमचं नशीब असं की तुम्ही दिवसाचे नऊ तास जपानी शब्दांच्या मधोमध असता. तुमच्या शॉप फ्लोअरवर 'फाइव्ह एस'चा, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पाच जपानी शब्दांचा, फलक असेलच: सेइरि, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. रोमन लिपीत पहिल्या चारही शब्दांतलं 'सेइ' सारखंच दिसतं. कांजीत पाहा. सेइरि आणि सेइतोन यांतली 'सेइ' एक आहे, तिचा अर्थ नीटनेटकं लावणं. सेइसो आणि सेइकेत्सु यांतली दुसरी आहे, तिचा अर्थ स्वच्छ. जो फरक इतकी वर्षं फलकाने लपवून ठेवला होता तो कांजीने एका नजरेत दाखवला.

त्या दुसऱ्या 'सेइ'पाशी जरा थांबू या. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे 'आओ', म्हणजे निळ्या रंगाची कांजी, जिचं ओन वाचन 'सेइ'. थेंब अर्थाची दिशा सांगतात, निळा आवाज सांगतो. आता थेंब काढून सूर्य ठेवा: आभाळ निरभ्र होणं, वाचन 'सेइ'. सूर्य काढून तांदूळ ठेवा: सत्त्व, बारकाई, वाचन 'सेइ'. 'सेइदो', म्हणजे अचूकता, हा शब्द तुमच्या मोजमापांच्या अहवालात रोज असेल. तांदूळ काढून बोलण्याचं चिन्ह ठेवा: मागणी करणं, वाचन पुन्हा 'सेइ'. 'सेइक्यूशो' म्हणजे बिल. बहुसंख्य कांजी अशा अर्थाचा तुकडा आणि आवाजाचा तुकडा जोडून झालेल्या आहेत. नवशिक्यांना सूर्य, चंद्र, झाड अशी चित्रं दाखवतात, ती सुरुवातीला बरी. पण चित्रं पहिल्या शंभर-दोनशे कांजींनंतर संपतात. पुढची वाट आवाजाच्या तुकड्यांनीच काढावी लागते.

अजून एक कुटुंब देते. 'गोहान'मधली 'हान', म्हणजे जेवण. 'कानबान'मधली 'बान', म्हणजे फळी. 'हानबाइ', म्हणजे विक्री, यातली 'हान'. तिघींच्या उजव्या अंगाला एकच तुकडा आहे. डावीकडे अनुक्रमे अन्न, झाड आणि शिंपला. शिंपला एकेकाळी चलन होता, म्हणून पैशाच्या व्यवहाराच्या कांजींत तो जागोजागी दिसतो. शिंपला शिकायचा तो इथे, तक्त्यावर एकटा नव्हे. हाच उजवा तुकडा 'हेनपिन'मध्ये, म्हणजे परत आलेल्या मालात, 'हेन' असा वाचतात. आवाज थोडा सरकतो, पूर्ण तुटत नाही. तुकडा पाहून अंदाज करा आणि कोशात तपासा. पुष्कळदा बरोबर येईल.

आणि 'हेनपिन' आलंच आहे तर तुमच्या खात्याची कांजी घेऊ: तीन चौकोन, एक वर आणि दोन खाली, वाचन 'हिन'. 'हिनशित्सु' गुणवत्ता. 'बुहिन' सुटा भाग. 'सेइहिन' तयार माल. 'फुर्योहिन' खराब माल. 'हेनपिन' परत आलेला माल, इथे 'हि'चा 'पि' झाला. आणि जेवणाच्या सुट्टीत 'शोकुहिन', म्हणजे खाद्यपदार्थ. सहा शब्दांत एक कांजी पक्की झाली आणि प्रत्येक शब्दाने आपली जोडीदार कांजी सोबत आणली. 'हिनशित्सु'मधली 'शित्सु' तुम्हाला 'शित्सुमोन' (प्रश्न) या शब्दातून आधीच ठाऊक आहे. मी असंच शिकले आणि असंच शिकवते: एका ओळखीच्या कांजीचा हात धरून शेजारच्या कांजीकडे जायचं.

हाताने लिहिण्याबद्दल माझं मत थोडं बदलत गेलं आहे. जेएलपीटीत लिहायला लागत नाही, सगळे पर्यायी प्रश्न असतात. २०१० मध्ये यादीत आलेली 'उत्सु', म्हणजे मन खिन्न होणं, ही कांजी २९ रेघांची आहे. ती घालतानाच सरकारी समितीने मान्य केलं होतं की संगणकाच्या काळात यादीतली प्रत्येक कांजी हाताने लिहिता यायलाच हवी असं नाही. तेव्हा २१३६ लिहायला बसू नका. पण पहिल्या तीनशे लिहा, रेघांच्या क्रमाने, चौकोनी वहीत. रेघा कुठून कुठे जातात हे हाताला कळलं की पुढच्या कांजी डोळ्याला गुंतागुंतीच्या वाटत नाहीत. त्यानंतर फक्त ज्यांची गल्लत होते त्या लिहा.

गल्लत किती महागात पडते ते सांगते. दुभाषी म्हणून माझं पहिलं वर्ष होतं. एका कारखान्यात पेट्यांच्या गठ्ठ्यावर लावलेलं लेबल वाचून मी 'शेवटची तपासणी' असं सांगितलं. पेट्या गाडीत चढवायला घेतल्या. तेवढ्यात एका जपानी अभियंत्याने धावत येऊन काम थांबवलं. लेबलावर 'मिकेन्सा' होतं: तपासणी व्हायची आहे. 'शेवट' आणि 'अजून नाही' या दोन कांजींत फरक एवढाच, की दोन आडव्या रेघांपैकी पहिलीत वरची लांब असते आणि दुसरीत खालची. दोन्ही मला 'येत' होत्या. पण मी त्या तक्त्यावर वेगवेगळ्या पानांवर शिकले होते, शेजारी ठेवून कधी लिहिल्या नव्हत्या. त्या रात्री 'शूमात्सु' (आठवड्याचा शेवट) आणि 'मिराइ' (भविष्य, जे अजून आलेलं नाही) हे शब्द खाली-वर लिहून काढले. त्यानंतर गल्लत झाली नाही. तुमच्या क्वालिटी विभागात 'मिकेन्सा'चं लेबल रोजचंच असणार. ही जोडी आजच लिहा.

आता वेग. सध्या जेएलपीटीच्या कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. जुन्या चार पातळ्यांच्या परीक्षेत तिसऱ्या पातळीला सुमारे ३०० आणि दुसऱ्या पातळीला सुमारे १००० कांजी धरत. आजची एन-४ साधारण जुन्या तिसऱ्या पातळीइतकी आहे आणि एन-२ दुसऱ्या पातळीइतकी. म्हणजे तुम्हाला दोन वर्षांत सुमारे ७०० कांजी हव्यात. रोज एक! सहा नव्हे. उरलेला वेळ त्या एकीच्या शब्दांना द्या. रोज आठ-दहा नवे शब्द घ्या, त्यांतून नवी कांजी एक-दोन येतेच. आन्कीसारखं उजळणीचं अॅप वापरत असाल तर कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटी कांजी टाकू नका. छोटं वाक्य टाका, शक्यतो तुमच्याच ईमेलमधलं, आणि मागे त्यातल्या एका शब्दाचं वाचन आणि अर्थ. उजळणीला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागायला लागला की चार दिवस नवे शब्द बंद. तुम्ही केलेल्या ५४० फुकट गेल्या असं समजू नका. चेहरे ओळखीचे झालेत. आता त्यांना शब्दांत भेटाल तेव्हा पटापट बसतील.

हे सगळं तुमच्या परिस्थितीसाठी आहे. उद्या बदली होऊन जपानला राहायला जाणार असाल, तर आपला पत्ता आणि नगरपालिकेच्या अर्जातले शब्द हाताने लिहिता यायलाच हवेत, ते वेगळे घोटून घ्या. अनुवादात उतरायचं असेल तर पूर्ण यादी आणि तिच्याबाहेरच्याही काही कांजी लागतील, पण त्याला वर्षं लागतात, मलाही लागली. तुमचा तो तक्ता फेकू नका. हजार-बाराशे कांजी शब्दांतून आल्या की तो काढा, येतात त्यांवर खूण करा आणि कोणती भोकं राहिलीत ते पाहा. चाळण म्हणून त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

सोमवारी कामावर गेलात की 'फाइव्ह एस'च्या फलकापासूनच सुरुवात करा. पहिल्या चार शब्दांच्या कांजी कोशात शोधा, सगळ्या जोयो यादीत मिळतील. मग पाचवा शोधा, 'शित्सुके', म्हणजे शिस्त, वळण. डावीकडे शरीर, उजवीकडे सुंदर, आणि ही कांजी चीनमधून आलेली नाही, जपानमध्येच घडवलेली आहे. ती त्या २१३६ मध्ये नाही. तरी तुमच्या वहीत ती पहिल्याच पानावर असू द्या, कारण तुम्हाला ती रोज दिसते.